पाया ओतण्याआधी ठरवायच्या गोष्टी: काँक्रीट, बोअर आणि जमिनीतली उष्णता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. थंड हवामानाच्या भागात साधारण १८० चौरस मीटरचं दुमजली घर बांधायचंय, तळघर नाही. पाया काँक्रीटचा, आणि घर गरम ठेवायला जमिनीतली उष्णता घेणारा हीट पंप, एवढं पक्कं आहे. ठेकेदार म्हणतो, ‘थंडीआधी पाया ओतून टाकू, हीटिंगचं नवीन प्रकरण आहे, ते नंतर बघू.’ पंपाचे पाइप जमिनीत खोल सोडायला बोअर मारणाऱ्या एकाने १४० मीटरचा एक बोअर सांगितला, दुसऱ्याने १०० मीटरचे दोन. खरं कोण बोलतंय आणि ठेकेदाराचं ऐकावं का, हे तुम्हाला विचारायचंय.

अशा घरांच्या खोदाईपासून पंप सुरू होईपर्यंतच्या कामावर मी बरीच वर्षं देखरेख करतोय. माझ्या अनुभवाने सांगतो, दोन्ही बोअरवाले आपापल्या जागी बरोबर असू शकतात. अडचण वेगळीच आहे. कडाक्याच्या थंडीत तुमच्या घराला किती उष्णता लागणार, हा आकडा अजून कोणीच काढलेला नाही. तो नसला की जो तो आपल्या अंदाजाने चालतो. ठेकेदार पाया ओतून मोकळा होतो, बोअरवाला सवयीची खोली सांगतो, पंप देणारा ‘कमी पडायला नको’ म्हणून एक नंबर मोठं मशीन सुचवतो. प्रत्येकाचं काम सुटं पाहिलं तर ठीक असतं, घर मात्र नीट चालत नाही.

पंप पुढे बदलता येतो. खिडक्या बदलता येतात, भिंतींना आणखी इन्सुलेशन लावता येतं. स्लॅबच्या खाली जे गेलं आणि पायातून जे आरपार गेलं, त्याला पुन्हा हात लावता येत नाही. म्हणून काँक्रीटची गाडी बोलावण्याआधी काय काय ठरायला हवं, तेच इथे सांगतो.

आधी ‘नवीन प्रकरण’ या शब्दाबद्दल. भूऔष्णिक म्हटलं की लोकांना गरम पाण्याचे झरे आठवतात. घरासाठीचा प्रकार तसा नाही. जमिनीत साधारण १० मीटर खाली गेलं की उन्हाळा-हिवाळ्यातला फरक जवळजवळ संपतो आणि तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास स्थिर राहतं. त्याखाली दर १०० मीटरला ते सुमारे ३ अंशांनी वाढतं. म्हणजे थंड प्रदेशात बोअरमध्ये मिळते ती ८-१० अंशांची, हाताला गारच लागणारी जमीन. फ्रिज जसा आतली उष्णता उचलून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तसा हा पंप जमिनीतली उष्णता उचलून ३५ अंशांवर घरात सोडतो. हीट पंपाने घर गरम करता येईल, हे विल्यम थॉमसन म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्ये मांडलं होतं. जमिनीतून उष्णता घेण्याचं पेटंट स्वित्झर्लंडमध्ये हाइनरिख झोली यांनी १९१२ मध्ये घेतलं. तेव्हा तंत्र चांगलं जुनं आहे. तुमच्या ठेकेदाराने ते अजून केलेलं नाही, एवढंच.

आता आकड्याकडे. त्याला हीट लॉस म्हणतात. भिंती, छप्पर, खिडक्या, जमीन आणि फटींतून जाणारी हवा, या सगळ्यांतून सगळ्यात थंड दिवशी किती उष्णता निसटते त्याचा खोलीवार हिशोब. ‘इतक्या चौरस मीटरला इतके किलोवॅट’ असा ठोकताळा कोणी दिला तर घेऊ नका. नवीन चांगल्या घराला तो जवळजवळ नेहमीच जास्त निघतो.

समजा तुमचा हीट लॉस ९ किलोवॅट आला. पंपाचा सीओपी ४ धरला, म्हणजे चार भाग उष्णतेत एक भाग वीज आणि तीन भाग जमिनीचे. मग २.२५ किलोवॅट वीज लागेल आणि ६.७५ किलोवॅट जमिनीतून काढावे लागतील. चांगल्या, ओल धरणाऱ्या खडकात बोअरच्या प्रत्येक मीटरमागे ५० वॅट मिळतील असं धरलं तर १३५ मीटर. हा तुमचा पहिला बोअरवाला. थर कोरडे आणि भुसभुशीत आहेत असं समजून मीटरमागे ३५ वॅटच धरले तर १९३ मीटर. हा तुमचा दुसरा. दोघांनी घर एकच धरलंय, जमीन वेगवेगळी. आणि इन्सुलेशनमध्ये हात आखडता घेतल्यामुळे हीट लॉस १४ किलोवॅटवर गेला, तर चांगल्या खडकातसुद्धा २१० मीटर लागतील. भिंतीत वाचवलेले पैसे बोअरमध्ये जातात, आणि नंतर दर महिन्याला विजेच्या बिलात.

म्हणून दोघांनाही एकच प्रश्न विचारा: मीटरमागे किती वॅट धरले आणि कशावरून? आसपासच्या बोअरची नोंद, कुठल्या खोलीवर कुठला थर आणि पाणी कुठे लागलं, हे जो दाखवेल त्याचं ऐका. दोघांकडेही उत्तर नसेल तर मी लांब बोअरच्या बाजूने जाईन. आखूड बोअर पहिल्या हिवाळ्यात कळत नाही. जमिनीत साठलेली उष्णता असते, त्यावर पहिलं वर्ष छान जातं. मग दरवर्षी काढलेली उष्णता पूर्ण भरून येत नाही, बोअरभोवतीची जमीन थोडी थोडी गार होत जाते, आणि तिसऱ्या-चौथ्या हिवाळ्यात बिल वाढल्याचं लक्षात येतं. तोवर बोअरवाल्याची जबाबदारी संपलेली असते. दोन बोअर घेतलेत तर त्यांच्यात निदान ६ मीटर अंतर ठेवा, नाहीतर ते एकमेकांच्याच वाट्याची उष्णता ओढतात.

पंप मात्र गरजेपेक्षा मोठा नको. मोठा पंप सारखा चालू-बंद होतो आणि कॉम्प्रेसर लवकर झिजतो. सगळ्यात थंड दिवस वर्षातून थोडेच असतात. पंप कमाल गरजेच्या ७० टक्क्यांचा घेतला आणि उरलेल्यासाठी साधा विजेचा हीटर ठेवला, तरी वर्षभरातली ९० टक्क्यांहून जास्त उष्णता पंपच देतो. पण म्हणून बोअर त्याच प्रमाणात कापू नका. लहान पंप जास्त तास चालतो आणि जमिनीतून वर्षाला जवळजवळ तेवढीच उष्णता काढतो.

जागा मोठी असेल तर बोअरऐवजी दीड मीटर खोलीवर आडवे पाइप टाकता येतात. ओलसर चिकण मातीत चौरस मीटरला साधारण २० वॅट धरले तर तुम्हाला जवळपास ३४० चौरस मीटर मोकळी जमीन लागेल, कोरड्या वाळूत त्याच्या दुप्पट. त्यावर पुढे कधीही फरशी, शेड किंवा गाडीतळ करता येणार नाही, कारण ती जमीन ऊन-पावसानेच पुन्हा गरम होते. बहुतेकांना हे बंधन नंतर जड जातं.

आता पायाकडे, कारण दोन्ही विषय इथेच एकत्र येतात.

हीट पंपाला कमी तापमानाचं काम आवडतं. पाणी जितकं कमी गरम करायचं तितकी वीज कमी. ढोबळमानाने प्रत्येक अंशामागे २ ते ३ टक्के. फरशीखाली पाइप घालून ३५ अंशांच्या पाण्यावर घर गरम होतं. भिंतीवरच्या रेडिएटरला ५५ लागले तर तोच पंप चारऐवजी जेमतेम तीन भागांवर येतो. म्हणून तळमजल्याच्या स्लॅबमध्ये पाइप घाला असं मी सांगतो. पण मग तो स्लॅब खालून आणि कडेने झाकलेला हवा. खाली इन्सुलेशन नसेल तर तुम्ही बरीचशी उष्णता पुन्हा जमिनीलाच परत देता.

माझा क्रम असा असतो. खाली ठोकून बसवलेला भराव, त्यावर १०० मिलिमीटर स्वच्छ खडी, म्हणजे खालची ओल वर चढत नाही. त्यावर १०० मिलिमीटर एक्सपीएसच्या, म्हणजे कडक इन्सुलेशन फोमच्या शीट, सांधे एकावर एक न येतील अशा. त्यावर जाड पॉलिथिन, सांध्यांना टेप. मग जाळी, जाळीला बांधलेले पेक्स (प्लास्टिकचे) पाइप, आणि काँक्रीट. ‘फोमवर घर खचेल’ ही भीती प्रत्येक ठेकेदाराला असते. चौरस मीटरला ३० टन सोसणारी शीट सहज मिळते. तुमचा स्लॅब, सामान आणि माणसं मिळून अर्ध्या टनाच्या आसपास जातात. कायमच्या वजनासाठी शीटची मर्यादा कमी धरतात, तरी भरपूर जागा राहते. फक्त भिंतींच्या फूटिंगखाली, म्हणजे भिंतीचा भार जमिनीवर पसरवणाऱ्या पायाच्या रुंद पट्टीखाली शीट टाकायची असेल तर ते स्ट्रक्चरल इंजिनिअरने मोजूनच.

सगळ्यात जास्त विसरली जाते ती कड. स्लॅबची कड बाहेरच्या पायाच्या भिंतीला टेकली की तिथून उष्णता सरळ बाहेर जाते आणि भिंतीलगतची फरशी थंड राहते. कडेला उभी शीट, निदान ५० मिलिमीटरची, आणि ती शटरिंग करतानाच. स्लॅब झाल्यावर तिथे काहीही घालता येत नाही.

पाइपांचं गणित सोपं आहे. दीडशे मिलिमीटर अंतराने टाकले तर १०० चौरस मीटरला साधारण ६७० मीटर पाइप लागतो. एक लूप, म्हणजे पाइपाचा एक सलग फेरा, १०० मीटरच्या आत ठेवायचा, म्हणजे सात लूप. सातही लूप मॅनिफोल्डला (सगळ्या लूपांना पाणी वाटणारी जोडणी) जोडून, दाब भरून ठेवायचा आणि काँक्रीट ओतून होईपर्यंत तो दाब तसाच राहिला पाहिजे.

ही एक गोष्ट मी कधीच सोडत नाही, त्यामागे एक दिवस आहे. थंडी होती म्हणून आम्ही पाण्याऐवजी हवेचा दाब ठेवला होता, ४ बार. गेजजवळ त्या घरचा मुलगा बसवला होता आणि काटा हलला तर ओरड, एवढंच त्याला सांगितलं होतं. अर्धा स्लॅब झाला असेल, आणि तो ओरडला. काटा साडेतीनवर आला होता आणि बघता बघता तीनच्या खाली गेला. व्हायब्रेटरच्या आवाजात फुसफुस ऐकू येणं शक्यच नव्हतं. सगळं थांबवलं आणि ओल्या काँक्रीटवर वाकून बघत फिरलो. दाराजवळ बारीक बुडबुडे येत होते. लेव्हलसाठी कोणीतरी लोखंडी खुंटी ठोकली होती, ती पाइपातून गेली होती. हाताने काँक्रीट बाजूला केलं, तुकडा कापला, कपलिंग दाबून बसवलं, टेप गुंडाळली, दाब भरला. अर्ध्या तासात काम पुन्हा सुरू. गेजकडे कोणी बघत नसतं तर ते घर बांधून झाल्यावर कळलं असतं, आणि मग फरशी फोडावी लागली असती.

दुसरी जागा म्हणजे बोअरकडून येणारे दोन पाइप पायाच्या भिंतीतून आत शिरतात ती. तिथे भिंत ओतण्याआधीच स्लीव्ह, म्हणजे पाइप आरपार न्यायला मोठी नळी टाकायची, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन, आणि भोवती जास्तीची सळई. नंतर कोअर कटरने भोक पाडता येतं, पण नेमकी सळई कापली जाते आणि पाणी आत येण्याची वाट कायमची तयार होते. एक रिकामी स्लीव्ह जास्तीची टाकून दोन्ही तोंडं बंद करा, कधीतरी लागतेच.

या पाइपांबद्दल आणखी एक, कारण हे चुकलेलं मी स्वतः खोदून पाहिलंय. हिवाळ्यात पंपातून बोअरकडे परत जाणारं पाणी शून्याच्या खाली जाऊ शकतं, म्हणून ते गोठू नये यासाठी त्यात ग्लायकोल घालतात. एका घरी दुसऱ्या कोणीतरी हे पाइप दारासमोरच्या ओट्याखालून, उथळ आणि उघडेच आणले होते. दुसऱ्या हिवाळ्यात ओटा दोन बोटं वर आला आणि दार उघडेना. खोदलं तर प्रत्येक पाइपाभोवती मनगटाएवढा बर्फ धरला होता आणि चिकण माती त्याच्यासकट फुगली होती. पाइप खोल नेले, इन्सुलेशन चढवलं, ओटा नव्याने केला. पायाजवळच्या शेवटच्या दोन मीटरवर आणि भिंतीच्या आतल्या भागावर चांगलं, बंद पेशींचं इन्सुलेशन हवंच. आतल्या भागावर नसलं तर दव धरून पाणी ठिबकत राहतं.

बोअर कधी मारायचे? जागा साफ झाल्यावर, पायाची खोदाई सुरू होण्याआधी. यंत्र दहा-वीस टनांचं असतं, ते उघड्या खड्ड्याच्या काठावर किंवा ताज्या भिंतीलगत उभं करणं मला मान्य नाही. चिखलही भरपूर होतो, तो आधीच झालेला बरा. बोअरमध्ये पाइप सोडून, खालून वर बेंटोनाइट या चिकण मातीचं पातळ मिश्रण (ग्राउट) भरून घ्या, दाब तपासा, तोंडं वेल्डिंगने बंद करा आणि भोवती ठळक खुणा रोवा. भराव करणारा जेसीबी त्या पाइपांवरून जाणं हा अगदी नेहमीचा अपघात आहे. घराच्या खाली बोअर घ्यावेत का असंही तुम्ही विचारलंय. घेता येतात. पण बाहेर जागा असताना मी घेऊ देणार नाही, पुढे एखाद्या सांध्यापर्यंत पोचायचं म्हटलं तरी वाट राहत नाही. बोअरला परवानगी लागते का आणि विहीर, सेप्टिक टँकपासून किती अंतर सोडायचं, हे तुमच्याकडच्या नियमांवर अवलंबून आहे. खोदाईच्या आधी लेखी घ्या.

काँक्रीटबद्दल थोडंच, कारण तुमच्या ठेकेदाराला ते येत असावं. घट्ट वाटतंय म्हणून गाडीत पाणी घालू देऊ नका, पातळ हवं असेल तर प्लास्टिसायझर घाला. पाणी-सिमेंट गुणोत्तर अर्ध्याच्या आत. गोठलेल्या जमिनीवर ओतायचं नाही. ओतल्यावर निदान आठवडाभर ओल आणि ५ अंशांच्या वरचं तापमान टिकलं पाहिजे. त्याखाली काँक्रीट घट्ट होणं फारच मंदावतं, आणि कोवळं असताना आतलं पाणी गोठलं तर ती ताकद परत येत नाही. फूटिंगच्या बाजूने, स्लॅबच्या पातळीखाली, पाणी वाहून न्यायला फिल्टर कापडात गुंडाळलेला भोकांचा पाइप आणि त्याला बाहेर उतार. ओली माती कोरडीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता ओढते, तेव्हा हा पाइप हीटिंगचाही भाग समजा.

पाइप आहेत म्हणून ताज्या स्लॅबमध्ये लगेच गरम पाणी फिरवायची घाई होते. तसं करू नका. निदान २१ दिवस थांबा. मग २५ अंशांच्या आतलं पाणी ३ दिवस, त्यानंतर हळूहळू ठरलेल्या कमाल तापमानावर ४ दिवस. आणि राहायला गेल्यावर रात्री तापमान उतरवून सकाळी चढवायची सवय सोडा. तुमचा १०० चौरस मीटरचा, १०० मिलिमीटर जाडीचा स्लॅब २४ टनांचा आहे. तो एका अंशाने तापवायला जवळपास ६ युनिट उष्णता लागते. ३ अंश चढवायचे तर ९ किलोवॅटचा अख्खा पंप दोन तास फक्त स्लॅबवरच खर्च होईल. एकच तापमान ठेवा, मशीन निवांत चालतं.

राहिला ठेकेदाराचा हिवाळा. त्याची घाई खोटी नाही, उघडा खड्डा थंडीत ठेवणं वाईटच. मधला मार्ग आहे. हीट लॉस काढायला ड्रॉइंग तयार असतील तर काही दिवस पुरतात, तो आधी काढून घ्या. त्यावरून बोअर, त्यांची जागा आणि स्लीव्हची उंची ठरते. मग फूटिंग आणि पायाच्या भिंती थंडीआधी ओतायला माझी हरकत नाही, स्लॅब मात्र पुढच्या हंगामासाठी ठेवा. भिंतींच्या दोन्ही बाजूंनी सारखा भराव करून घ्या, आतल्या बाजूनेसुद्धा. घरात ऊब नसताना आतली जमीनही गोठते, आणि जमीन जिथवर गोठते त्याच्या खाली फूटिंग आहे असं तेव्हाच म्हणता येतं जेव्हा तिच्यावर दोन्हीकडून माती असते. वर ताडपत्री आणि जुन्या इन्सुलेशनच्या शीट टाकून ठेवा. स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी प्रत्येक खोलीत मोजपट्टी पसरून पाइपांचे फोटो काढा, भिंतीपासूनची अंतरं दिसतील असे. पुढे पार्टिशन किंवा कपाट जमिनीत बोल्ट मारून बसवायचं झालं की तेच फोटो समोर ठेवून भोक कुठे पाडायचं ते ठरवता येतं.

हीट लॉसचा आकडा आणि दोन्ही बोअरवाल्यांनी मीटरमागे धरलेले वॅट हातात आले की इथेच लिहा, पुढचं गणित मी करून देईन.